आईला काय खायला घालू, याच्या आधीचा प्रश्न

तुमची परिस्थिती मला जशी कळली तशी आधी सांगते. आई ६३ वर्षांच्या. डाव्या स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. आता परळला केमो सुरू आहे: आधी दर २१ दिवसांनी एक असे चार, मग दर आठवड्याला एक असे बारा. पहिला केमो होऊन सहा दिवस झाले. राहायला डोंबिवलीत. घरात तुम्ही, तुमची पत्नी, ७१ वर्षांचे बाबा आणि पाच वर्षांची मुलगी. तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. आई जेवत नाहीत, त्यांना काय खायला घालू? ताट-वाटी वेगळी ठेवायची का? शेजारच्या काकू गुळवेल द्या म्हणतात, ती द्यावी का? आणि आईंना "गाठ होती, काढली, आता ताकदीची सलाईन लावतात" एवढंच सांगितलं आहे, ते तसंच राहू द्यावं का?

मी बावीस वर्षं कॅन्सरच्या रुग्णांची नर्स आहे. पहिली बारा वर्षं केमोच्या डे-केअरमध्ये गेली, त्यानंतर घरोघरी जाऊन काम करते. चाळीत जा नाहीतर टॉवरमध्ये, दारात चपला काढेपर्यंत पहिला प्रश्न हाच येतो, की सिस्टर, काय खायला घालू? आपल्याकडे माया भरवण्यातूनच दिसते, त्यामुळे आई ताट सरकवते तेव्हा मुलाच्या पोटात कसं कालवतं ते मी रोज बघते. खाण्याबद्दल सविस्तर सांगणार आहे. पण त्याआधीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तो मीच विचारते. घरात चालू स्थितीतला थर्मामीटर आहे का?

केमोचं औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर काम करतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण केसांची मुळं, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतलं नाजूक अस्तर, हाडांच्या आत रक्त तयार करणारा मगज, हेही तसेच. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं आयुष्य थोडं असतं. नव्या तयार होणं थांबलं की साठा आटत जातो. केमोचा दिवस पहिला धरला तर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या सगळ्यात कमी होतात, मग हळूहळू भरून येतात. पुढचा केमो २१ दिवसांनी ठेवतात तो याचसाठी. याला सगळे 'काउंट पडणं' म्हणतात, तुमच्याही कानावर आलं असेल.

काउंट पडलेला असताना अंगात जंतू शिरला तर पू होत नाही, बेडका पडत नाही, जखम नीट लालही होत नाही. या सगळ्या खुणा पांढऱ्या पेशींच्या लढाईतून येतात, आणि लढणारेच उरलेले नसतात. बऱ्याच वेळा ताप ही एकच खूण उरते. तोही कधी फार चढत नाही. मग काही तासांत रक्तदाब कोसळतो.

म्हणून हा आकडा फ्रिजच्या दारावर लिहून लावा: १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. एकदा जरी एवढा ताप दिसला, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर दिवस असो वा मध्यरात्र, हॉस्पिटलने दिलेल्या नंबरवर फोन करायचा आणि निघायचं. सकाळपर्यंत वाट बघायची नाही. आणि मोजण्याआधी तापाची गोळी द्यायची नाही.

गोळीबद्दल एवढं कळकळीने सांगते त्याला कारण आहे. २०११ साली माझ्या वडिलांना केमो चालू होता. मी तेव्हा दिवसभर लोकांच्या आईवडिलांना केमो लावत होते. अकराव्या दिवशी संध्याकाळी त्यांचं कपाळ गरम लागलं. आईने घरात असलेली तापाची नेहमीची गोळी दिली. ताप उतरला, नऊ वाजता ते वाटीभर पेजही प्यायले. मी ड्यूटी संपवून घरी आले तर आई म्हणाली, "जरा कणकण होती, उतरली." मी कपाळाला हात लावला. गार होतं. मी झोपले. पहाटे पाचला ते घामाने ओलेचिंब झाले होते आणि हाकेला ओ देत नव्हते. नऊ दिवस आयसीयूत होते, त्यातून वाचले. गोळीने ताप उतरला होता, पण जंतू आत तसाच होता. जे वाक्य मी दिवसातून दहा जणांना सांगत होते ते माझ्या आईला कधी सांगितलंच नव्हतं. घरात नर्स आहे, हेच आम्ही पुरेसं धरून चाललो होतो.

तर आता तुमच्या घरचा बंदोबस्त. डिजिटल थर्मामीटर आणा, दोन आणा, कारण नेमक्या वेळी एकाचा सेल संपतो. जिभेखाली धरायचा. गरम चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर वीस मिनिटं थांबून मोजायचं. तोंड आलं असेल तर काखेत मोजा, पण काखेतला आकडा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवून. गुदद्वारातून मोजायचं नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि आई "जरा बरं वाटत नाहीये" म्हणाल्या की लगेच.

दुसरं, याच आठवड्यात जवळचं हॉस्पिटल ठरवून ठेवा. डोंबिवलीहून परळ रात्री दोन वाजता जवळ नसतं, लोकल बंद असते. जुलैत हिंदमाताला पाणी भरलेलं असेल तर दिवसाही नसतं. घराजवळ असं ठिकाण शोधा जिथे रात्रीसुद्धा रक्ताचा काउंट होतो, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात आणि आयसीयू आहे. फाईलची झेरॉक्स घेऊन एकदा स्वतः जाऊन विचारून या. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना त्या ठिकाणाचं नाव सांगा, 'ताप आल्यास काय करावं' अशी चिठ्ठी लिहून घ्या. आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: "केमोची पेशंट आहे, आज केमोनंतरचा अमुकावा दिवस, ताप आलाय, काउंट पडलेला असू शकतो." ताप घेऊन आलेली आणखी एक आजी म्हणून त्यांना रांगेत बसवू नये यासाठी हे वाक्य आहे. पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असा जगभर प्रयत्न असतो. रिपोर्ट येईपर्यंत थांबायचंही नसतं. सौम्य, पण ठामपणे विचारत राहा.

पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, व्हायरल यांची इतकी सवय झालेली असते की ताप आला तरी कुणी दचकत नाही. "सध्या सगळ्या बिल्डिंगमध्ये व्हायरल आहे" हे वाक्य आईंच्या बाबतीत चालणार नाही. असेलही व्हायरल. ते काउंट बघितल्यावर डॉक्टर ठरवतील.

हे लक्षात राहावं म्हणून मी प्रत्येक घरात एक काम करून घेते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर केमोच्या दिवसाला '१' लिहायचं आणि सात ते चौदा या तारखांभोवती लाल पेनाने चौकट काढायची. त्या चौकटीत लग्न नाही, बारसं नाही, बाजार नाही, शिंकणारा पाहुणा नाही. चौकटीबाहेर आईंना खुशाल फिरू द्या. देवळात, खालच्या बाकावर, भाचीकडे. एकवीसच्या एकवीस दिवस कोंडून ठेवलेली माणसं लवकर खचतात, हे मी पाहिलं आहे.

आणि एक वही करा. हे काम बाबांना द्या. तुम्ही लिहिलंय की ते गप्प गप्प झालेत, सारखे गॅलरीत जाऊन बसतात. त्यांना हाताला काम हवं आहे. शाळेची साधी दोनशे पानी वही, एका दिवसाला एक पान. तारीख, केमोनंतरचा दिवस, सकाळ-संध्याकाळचं तापमान, कोणती गोळी किती वाजता, किती वेळा उलटी, शौचाला झाली का आणि कशी, पाणी किती, झोप कशी. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन. माझ्या एका रुग्णाचे यजमान बेस्टमधून निवृत्त झालेले होते. ते ड्यूटीची नोंद ठेवावी तशी वही ठेवायचे, मिनिटासकट. दुसऱ्या केमोला डॉक्टरांनी विचारलं, "उलटीचा त्रास कसा होता?" बाई म्हणाल्या, "ठीक होता." यजमानांनी वही पुढे केली. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात चौदा उलट्या, दोन दिवस गोळी पोटात टिकलेली नाही. डॉक्टरांनी तिथल्या तिथे उलटीची औषधं बदलली आणि पुढचे केमो खूपच सुसह्य झाले. आपल्या आया डॉक्टरांसमोर "ठीक आहे" शिवाय काही सांगत नाहीत. त्यांच्या वतीने वही बोलते.

औषधांबद्दल दोन-तीन गोष्टी. उलटीची गोळी उलटी झाल्यावर द्यायची नसते. लिहून दिली आहे त्या वेळेला, मळमळ असो वा नसो, तितके दिवस द्यायचीच. एकदा उलट्या सुरू झाल्या की त्या थांबवणं फार कठीण जातं. याच गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं, आणि पोट साफ नसलं की भूक मरते. 'जेवत नाही' म्हणून मला बोलावणाऱ्या घरांत चौकशी केली की कितीतरी वेळा मूळ हेच निघतं, चार दिवसांत पोट साफ झालेलं नाही. डॉक्टरांकडून रेचक आधीच लिहून घ्या, पाणी आणि चालणं वाढवा. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायची गोळी घरच्या घरी नको. उलट जुलाब लागले, दिवसातून चार-पाच वेळांच्या वर गेले, तर थांबवण्याची गोळी मनाने न देता फोन करा. केमोबरोबर स्टेरॉइड दिलं असेल तर दोन-तीन रात्री झोप उडते, आणि मधुमेह असेल तर साखर चढते. आईंना मधुमेह आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर त्या दिवसांत ग्लुकोमीटर वापरा. दुखण्यासाठी घरातली कुठलीही जुनी गोळी नको. काही वेदनाशामकं केमोच्या दिवसांत रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

फाईलमध्ये औषधांची नावं बघा. चार आणि बाराच्या हिशेबावरून मला वाटतं पहिल्या चारांत ते लाल औषध असेल, डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन. त्याने दिवस-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, घाबरू नका. त्याच्यासोबत बहुधा सायक्लोफॉस्फामाइड असतं, ते मूत्राशयाला जाळतं. म्हणून केमोच्या दिवशी आणि नंतरचे दोन दिवस भरपूर पाणी आणि दर दोन-तीन तासांनी लघवी, रात्री उठवूनसुद्धा. दोन दिवसांनंतरही लाल दिसली किंवा जळजळ झाली तर कळवा. सलाईन चालू असताना सुईच्या जागी आग झाली, फुगलं, तर आईंनी "सहन होतंय" म्हणत बसायचं नाही, तत्क्षणी सिस्टरला हाक मारायची. लाल औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं. आणि नंतरचे बारा सुरू झाले की बोटांना मुंग्या, बधिरपणा येऊ शकतो. त्या दिवसांत गरम तवा, उकळतं पाणी आईंच्या हाती नको, आणि पायातली चप्पल मागून पट्टा असलेली हवी. बधिर पायातून साधी चप्पल निसटते आणि कळतही नाही.

आता जेवण. पहिले पाच-सहा दिवस तोंडाला चव नसते, सगळं कडू किंवा धातूसारखं लागतं, आणि वासाने मळमळतं. सगळ्यात जास्त त्रास फोडणीच्या वासाचा. स्वयंपाक होत असताना आईंना दुसऱ्या खोलीत, शक्य तर खिडकीशी बसवा. वन-रूम-किचन असेल तर ते तासभर शेजारी किंवा खाली नेऊन बसवा. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून कोमट किंवा खोलीच्या तापमानाचं द्या. दहीभात, मऊ खिचडी, नाचणीची पेज, मुगाचं धिरडं, उकडलेलं अंडं, शिजवलेलं पनीर, मासे खात असतील तर नीट शिजलेला पापलेटचा तुकडा. धातूची चव लागत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी किंवा चिनी मातीचा द्या. लिंबाची फोड, कोकमाचं सार, चिमूटभर आमचूर यांनी तोंडाला पाणी सुटतं, पण तोंड आलेलं असेल तर आंबट-तिखट बंद. तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करायला लावा. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको.

भरलेलं ताट समोर ठेवू नका. भरलेलं ताट बघूनच न खाणाऱ्याला अपराधी वाटतं. वाटीत चार चमचे द्या, दोन तासांनी पुन्हा चार. आणि मागे उभं राहून "आणखी एक घास" करू नका. लालबागला एक मुलगी तिच्या वडिलांना भरवताना मी पाहिली. प्रत्येक घासाला ते डोळे मिटून गिळायचे आणि ती खूश व्हायची. ती आत गेल्यावर ते मला म्हणाले, "तिच्यासाठी खातो, मग बाथरूममध्ये जाऊन काढतो." त्या दिवसापासून तिने छोटा डबा त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर ठेवायला सुरुवात केली. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेलं अंडं. मनात आलं की ते उघडून खायचे. आठवडाभराने वजन घसरायचं थांबलं होतं. डब्यात अंडं किंवा दुधाचं काही असेल तर दोन तासांत बदलायचं, एवढंच पथ्य.

पथ्याचं आणखी थोडंसं. साखर पूर्ण तोडली की कॅन्सर उपाशी मरतो, असं लोक सांगतील. तसा काही पुरावा नाही, आणि आईंच्या चहातली चमचाभर साखर काढून घेतली तर दिवसातला एक आनंद जातो. मात्र स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारात काही जणींचं वजन उलट वाढतं, तेव्हा लाडू-शिऱ्याचा माराही नको. वजनाचा आकडा वहीत असेलच, त्याप्रमाणे ठरवा. अन्न ताजं, नीट शिजलेलं, पाणी उकळलेलं, फळं घरी धुऊन सोलून. बाहेरची चिरलेली फळं, पाणीपुरी, बर्फ, उसाचा रस, गाडीवरची ओली चटणी हे सगळं उपचार संपेपर्यंत बंद. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन आईंना नको.

गुळवेल देऊ नका. काकूंच्या मायेबद्दल शंका नाही, पण केमोची बरीचशी औषधं यकृतातून जातात, आणि गुळवेलीने यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. ते रुग्ण कॅन्सरचे नव्हते, कोविडच्या काळात ताकदीसाठी काढा घेणारे होते. यकृताचे रिपोर्ट बिघडले की केमो पुढे ढकलावा लागतो. हळदीच्या कॅप्सूल, गोमूत्र, कुणीतरी पाठवलेल्या पुड्या यांनाही हेच लागू. भाजीत घालतो ती हळद खुशाल घाला. काकूंना नाही म्हणणं अवघड वाटत असेल तर "डॉक्टरांनी लेखी मना केलंय" म्हणा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून ते खरंच लिहून घ्या.

ताट-वाटी वेगळी ठेवायची मुळीच गरज नाही. कॅन्सर कुणाला लागत नाही. नात आजीच्या कुशीत झोपू शकते, आणि तिने झोपावंच, सर्दी-खोकला किंवा अंगावर पुरळ नसेल तर. शाळेत कुणाला कांजिण्या झाल्याचं कळलं आणि नात त्या मुलाच्या संपर्कात आली असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा. काळजी फक्त एका बाबतीत घ्यायची. केमोनंतरचे ४८ तास औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतो. त्या दोन दिवसांत संडासाचं झाकण लावून दोनदा फ्लश, टाकी नसेल तर दोन बादल्या पाणी. उलटीचं भांडं किंवा खराब झालेली चादर उचलताना हातमोजे घाला, ते कपडे वेगळे धुवा, मग साबणाने हात. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हे काम करू नये.

ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताबद्दल: त्या हातावर बीपी नाही, सुई नाही. हे आईंना पाठ करून ठेवा, कारण गर्दीत कुणीही पट्टा गुंडाळायला येतं. फिजिओथेरपिस्टनी शिकवलेला व्यायाम रोज, भिंतीवर बोटं चढवत हात वर नेण्याचा. कुठवर पोचला तिथे पेन्सिलीने खूण करा, नातीला हे काम फार आवडेल. हात जड वाटू लागला, बांगड्या घट्ट झाल्या, तर ती सुजेची पहिली खूण असू शकते. हिरव्या बांगड्या काढायला बायका तयार नसतात, कारण सांगायला नको. काढा म्हणू नका. त्या हातात सैल घाला, आणि काचेची बांगडी फुटून ओरखडा उठला तर लगेच धुऊन जंतुनाशक लावा.

केस साधारण दोन-तीन आठवड्यांत जातील. म्हणजे पुढच्या केमोच्या आसपास. हे आजच सांगा. उशीवर अचानक पुंजके दिसणं फार वाईट असतं. गिरगावात एका आजींनी सतराव्या दिवशी फणीत केस आलेले बघितले, सुनेला कात्री आणायला सांगितली, पाटावर बसून वेणी घातली आणि अख्खी वेणी कापून घेतली. मग ती रुमालात गुंडाळून कपाटात लुगड्यांच्या घडीखाली ठेवली आणि म्हणाल्या, "आता चहा टाक." सून रडत होती, आजी नाही. वेळ त्यांनी स्वतः ठरवली होती.

आता तुमचा शेवटचा आणि सगळ्यात अवघड प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे, आईंना सांगा. मुंबईत 'परळला नेतायत' या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळतो. टाटा हॉस्पिटल तिथे १९४१ पासून उभं आहे. ठाण्याला माझ्याकडे एक बाई होत्या, पालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या. मुलगा मला जिन्यातच सांगून गेला होता, "आईसमोर तो शब्द काढू नका." मी मोरीत हात धूत होते तेव्हा बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सिस्टर, मी तीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं. दारावरचं नाव मला वाचता येत नाही असं वाटतं का याला? पण त्याला सांगू नका मला माहीत आहे ते. खचेल तो." एका घरात दोन माणसं, दोघंही एकमेकांसाठी नाटक करत होती, आणि दोघंही एकटी पडली होती.

लपवण्यात दुसराही धोका आहे. ताकदीची सलाईन आहे असं समजणारी बाई हुडहुडी भरली तर कुणाला उठवणार नाही, गोधडी ओढून झोपेल. कशाचं औषध चालू आहे हे माहीत असेल तर ताप सांगेल.

सांगायचं कसं? भाषण करू नका. दुपारी दोघंच असताना विचारा, "आई, तुला काय वाटतं, हे कशाचं औषध चालू आहे?" आणि मग गप्प बसा. खूप वेळ शांतता राहील, ती भरून काढू नका. बहुतेक वेळा शब्द त्याच उच्चारतात. त्यांनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या, खरं द्या. "बरी होईन ना?" असं विचारलं तर डॉक्टरांनी जे सांगितलंय तेच सांगा, त्यापेक्षा जास्तही नको, कमीही नको. आणि "मला काही ऐकायचं नाही, तूच बघ" असं म्हणाल्या तर तोही त्यांचा हक्क आहे. फक्त ताप आणि हुडहुडीचं तेवढं सांगून ठेवा.

प्रवास आणि पैसा थोडक्यात. कॅन्सरच्या रुग्णाला लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, हॉस्पिटलचं पत्र फाईलमध्ये वरच ठेवा. केमोनंतर संध्याकाळच्या गर्दीत परत येण्यापेक्षा त्या दिवशी टॅक्सीचे पैसे खर्च करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, दोन्ही बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतो, पुढच्या केमोआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. वैद्यकीय समाजसेवकांनाही भेटा, त्यांना विचारायला संकोच वाटायचं कारण नाही.

तुमच्या पत्नीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, 'ती नोकरी सांभाळून सगळं करते.' त्या ओळीवर मी थांबले. बहुतेक घरांत मुलगा फाईल सांभाळतो आणि सून उलटीचं भांडं. आईंची आंघोळ, कपडे ही कामं सुनेने किंवा बाईमाणसाने करावीत असं आईंना वाटेल, ते समजू शकते. पण मग स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, रात्रीचं उठणं तुमच्याकडे घ्या. रात्रीच्या पाळ्या ठरवा, आज तुम्ही, उद्या ती. बहीण, मावशी, कुणी "काही लागलं तर सांग" म्हणालं तर लगेच सांगा: रविवारी चार तास येऊन बस. पुढे शेक मिळून हे सहा-आठ महिने चालेल, आणि दुसऱ्या महिन्यात घरातलं कुणीतरी पाठ धरून बसलेलं मी नेहमी बघते.

केमोचा दिवस पहिला धरला तर आज आईंचा सातवा दिवस आहे, लाल चौकट आजपासून सुरू. औषधाची दुकानं अजून उघडी असतील. थर्मामीटर आणा, आणि आजचं पहिलं तापमान बाबांच्या हाताने वहीत लिहू द्या.